निकालपत्रातली तिसरी ओळ



१ मे ला सकाळी आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई पेढ्यांचा पुडा घेऊन आल्या. सोबत त्यांची मुलगी होती. चौथी पास झाली होती. "काकू, पोरगी पास झाली, पाचवीला चालली," असं सांगताना त्यांचा चेहरा नुसता फुलला होता. मी पेढा घेतला, मुलीच्या पाठीवरून हात फिरवला आणि सहज म्हणाले, "बघू तुझं प्रगतिपत्रक." श्रेणी ब-२ होती. म्हणजे साठ ते सत्तरच्या मधले गुण. वाईट नाही. मग मी टेबलावरची लग्नपत्रिका तिच्या हातात दिली आणि म्हटलं, "वाच बरं कुणाचं लग्न आहे."

'शुभ विवाह' हे दोन शब्द तिनं वाचले, तेही बहुधा ओळखीचे होते म्हणून. 'कृपया', 'उपस्थित', 'निमंत्रण' इथं ती अडकली. साधी अक्षरं ती लावत होती, पण जोडाक्षर आलं की आईकडे बघायची. आणि आईला तर अक्षरओळखच नाही. ती आनंदानं मुलीकडे बघत उभी होती. तिला वाटलं, मुलगी लाजते आहे.

ताईंनी मागच्या वर्षांची निकालपत्रं पण प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवली होती. मी ती मागवून घेतली. दुसरीच्या पत्रकात शेवटी लिहिलं होतं, 'जोडाक्षर वाचनाचा सराव आवश्यक.' तिसरीच्या पत्रकात तेच. चौथीच्या पत्रकात, शब्द थोडे बदलून, तेच. तीन वर्षं गुरुजींनी प्रामाणिकपणे लिहिलं, आणि तीन वर्षं ते कुणीही वाचलं नाही. ज्या घरात ते पोहोचलं तिथं वाचणारं कुणी नव्हतं, आणि ज्या शाळेत ते लिहिलं गेलं तिथं लिहिल्यावर काम संपलं होतं.

तुम्ही म्हणाल, शिकलेल्या घरांत असं होत नाही. म्हणून आता माझ्याच घरचं सांगते. सांगायला लाज वाटते, तरी सांगते.

२०२४ साली माझा नातू दुसरीत होता. निकालावर अ-१. सूनबाईंनी फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला, मामा-मावश्यांनी अंगठे दाखवले, मी पण हात जोडलेलं चित्र टाकलं. त्याच पत्रकात खाली तीन ओळी होत्या. विशेष प्रगती : गोष्ट छान सांगतो. आवड, छंद : चित्रकला. सुधारणा आवश्यक : हातच्याची वजाबाकी. पहिल्या दोन ओळी आम्ही सगळ्यांना वाचून दाखवल्या. तिसरी वाचलीच नाही. दिवाळीत तिसरीची परीक्षा झाली तेव्हा बावन्नातून सत्तावीस वजा करताना तो बोटं मोजत बसला आणि रडायला लागला. बी.कॉम. झालेल्या आजीच्या नातवाला हातच्याची वजाबाकी येत नाही, हे आजीला सहा महिन्यांनी कळलं!

बाईंना भेटायला गेले तर त्या शांतपणे म्हणाल्या, "काकू, परीक्षेनंतर पंधरा दिवस मी हेच घेत होते. सहा मुलांचा गट केला होता. तुमचा नातू त्यात होता, पण तो आलाच नाही." कसा येणार? परीक्षा संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्याला घेऊन पुण्याला लग्नाला गेले होते. "आता काय शिकवतात शाळेत, नुसतं बसवून ठेवतात," हे वाक्य माझंच. त्याच पंधरा दिवसांत वर्गानं एक हस्तलिखित अंक केला होता. प्रत्येक मुलाचं एक पान. बाईंनी तो कपाटातून काढून दाखवला. नातवानं सगळी पानं उलटली आणि विचारलं, "आजी, माझं पान कुठंय?"

त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून आज हा लेख लिहिते आहे.

आमच्या घरी मोंढ्यात आडतीचं दुकान. लग्न झाल्यापासून मार्चअखेर मी जवळून पाहिली आहे. रोजमेळ, खतावणी, माल मोजणं, येणी-देणी, आणि मग ताळेबंद. वर्ष संपलं म्हणून वह्या फेकून दिल्या असं कुणी व्यापारी करत नाही. उलट ३१ मार्चला जी शिल्लक निघते तीच १ एप्रिलच्या वहीची पहिली ओळ असते. येणं राहिलं असेल तर ते पुढच्या वहीत नावासकट ओढून न्यावं लागतं. नाही नेलं तर ते बुडालं. मुलाच्या शिक्षणाचंही असंच आहे. 'सुधारणा आवश्यक' ही ओळ म्हणजे राहिलेलं येणं. ती पुढच्या वर्गाच्या वहीत गेली नाही, तर तेवढं शिक्षण बुडीत खात्यात गेलं समजा. मला हिशोब कळतो, पण शाळेच्या बाबतीत मी फक्त नफ्याचा आकडा बघितला.

थोडं या पत्रकाबद्दल सांगते, कारण आपल्यापैकी बऱ्याच जणींना आपल्या वेळची शंभरपैकी गुणांची पद्धतच आठवते. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला आणि त्याच वर्षी आपल्या राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. त्यात पहिली-दुसरीला ७० टक्के भार वर्षभराच्या कामाला आणि ३० टक्केच सत्राच्या परीक्षेला. तिसरी-चौथीला हे प्रमाण ६० आणि ४०. वर्षभराचं काम म्हणजे रोजचं निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय. आणि श्रेणीच्या जोडीला शिक्षकानं मुलाबद्दल शब्दांत नोंदी करायच्या. म्हणजे ज्या ओळी आपण वाचत नाही, त्यांच्यासाठीच ही सगळी पद्धत आणली. आकडा सांगतो मूल कितव्या पायरीवर आहे, ओळ सांगते पुढची पायरी चढताना पाय कुठं अडखळतो. घरच्या बाईला यातलं काय उपयोगाचं आहे, तुम्हीच सांगा.

आणि आता ही ओळ न वाचणं महागात पडणार आहे. आठवीपर्यंत कुणाला नापास करायचं नाही असा नियम होता. २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०२३ मध्ये आपल्या राज्यानं नियम बदलून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा लावली. नापास झालं तर पुन्हा एक संधी, त्यातही नापास झालं तर त्याच वर्गात बसायचं. ताईंची मुलगी आता पाचवीत चालली आहे. चार वर्षं तिला कुणी अडवलं नाही, कारण अडवायचं नव्हतं. पाचवीत तिला अडवतील. तिची जुनी शाळा चौथीपर्यंतच होती, त्यामुळे नव्या शाळेत तिला ओळखणारं कुणी नाही. तिची तिसरी ओळ पिशवीतच राहणार. मुलगी आहे, नापास झाली तर घरी बसवायला कारण मिळेल. मला खरी भीती ती आहे.

ही एकाच मुलीची गोष्ट नाही. 'असर' नावाची जी पाहणी ग्रामीण भारतात घरोघर जाऊन होते, तिच्या २०२४ च्या अहवालात सरकारी शाळांत तिसरीत शिकणाऱ्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुलं २३.४ टक्के होती. २०२२ मध्ये, कोरोनानंतर, हा आकडा १६.३ वर घसरला होता. म्हणजे सुधारणा आहे, पण अजूनही चारातली एक सुद्धा पुरती नाही.

२०२५ मध्ये सरकारनं काय केलं ते तुम्हाला माहीत आहेच. पहिली ते नववीच्या परीक्षांसाठी राज्यभर एकच वेळापत्रक आलं, ८ ते २५ एप्रिल. कारण हे सांगितलं की शाळा परीक्षा लवकर आटोपतात आणि मग मुलं येत नाहीत. कारण खरं आहे, माझ्यापेक्षा जास्त कोण सांगणार! पण उपाय मला पटला नाही. परीक्षाच महिनाअखेरीपर्यंत ओढली म्हणजे मुलं येतील, पण कशासाठी येतील? पेपर देण्यासाठी. जे पंधरा दिवस राहिलेलं शिकवायला, मागं वळून बघायला मिळत होते, तेच पेपरांत गेले. शिक्षकांना तपासायला आणि निकाल लावायला उरले पाच-सहा दिवस. आणि आपल्या मराठवाड्याचा एप्रिल! सकाळची शाळा असली तरी घरी येताना पोरांच्या डोक्यावर ऊन तापलेलं असतं. माझं मत असं की परीक्षा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात संपवावी आणि त्यानंतरच्या दिवसांना काही अर्थ द्यावा. त्या दिवसांत काहीतरी घडतं हे दिसलं, तर आया मुलांना आपणहून पाठवतील. नुसतं बसवून ठेवलं तर माझ्यासारख्या आज्या त्यांना लग्नाला नेतील.

याच सरकारचा दुसरा कार्यक्रम मात्र मला आवडला. ५ मार्च ते ३० जून २०२५ या काळात दुसरी ते पाचवीच्या मुलांसाठी निपुण महाराष्ट्रचा कृती कार्यक्रम आखला. आधी मूल वाचन-गणितात कुठं आहे ते तपासायचं, मग त्याच्या पातळीनुसार शिकवायचं. त्यात चावडी वाचन होतं. गावातल्या लोकांसमोर मुलांनी वाचून दाखवायचं, गणितं करून दाखवायची. माझं माहेर भोकरदन तालुक्यातलं. वहिनी सांगत होती, मारुतीच्या पारावर पोरं एकेक उभी राहून वाचत होती, आणि ज्या बाया कधी शाळेची पायरी चढल्या नाहीत त्या डोक्यावर पदर घेऊन ऐकत होत्या. कुणाचं पोर अडखळलं तर हसायचं नाही, असं गुरुजींनी आधीच सांगितलं होतं. निकालाचा कागद न वाचता येणाऱ्या आईलाही आपलं मूल वाचतं की नाही हे कानानं कळलं. ताईंच्या मुलीला दुसरीतच असं चारचौघांत वाचायला मिळालं असतं, तर?

वर्षअखेरीला प्राथमिकच्या वर्गात आणखी काय करता येईल, हे मी शाळा चालवणारी नसले तरी सांगते. नातवाच्या बाईंनी यंदा निकालाच्या दोन दिवस आधी मुलांना जूनमधली वही आणि एप्रिलमधली वही शेजारी-शेजारी ठेवायला लावली. जूनमधलं अक्षर ओळीबाहेर गेलेलं, एप्रिलमधलं ओळीवर बसलेलं. मुलं स्वतःच ओरडत होती, "बाई, हे माझंच आहे?" दुसऱ्या मुलाशी तुलना नाही, बक्षीस नाही, आपलंच कालचं आणि आजचं. आपण चौदसला, संवत्सरीला प्रतिक्रमण करतो ते दुसरं काय आहे? मागं वळून बघायचं, कुठं चुकलं ते स्वतः म्हणायचं, आणि हलकं होऊन पुढं जायचं. त्यात कुणी पहिला नंबर काढत नाही.

दुसरी गोष्ट आनंद बाजाराची. बऱ्याच शाळांत हा असतो. मुलं भेळ, काकडी, ताक, लिंबूसरबत विकायला बसतात. पण विकतं कोण? आई! मूल टोपी घालून उभं, आई पाठीमागे, आणि शेवटी डबा मोकळा झाला की विषय संपला. अहो, यात तर अख्खं गणित आहे. मुरमुरे केवढ्याचे, कोथिंबीर केवढ्याची, द्रोण किती लागले, एक भेळ आपल्याला केवढ्याला पडली आणि विकली केवढ्याला. मुलानं कागदावर जमा आणि खर्च मांडावा, तोटा झाला तर तोटा लिहावा. आई घरी राहावी. तोटा बघितलेलं पोर हातच्याची वजाबाकी विसरत नाही, हे मी व्यापाऱ्याच्या घरातली बाई म्हणून खात्रीनं सांगते.

तिसरी गोष्ट चौथीच्या मुलांची. निरोप समारंभ होतो, फोटो होतो, चिवडा-पेढा होतो. त्यापेक्षा जुन्या गुरुजींनी नव्या शाळेच्या गुरुजींना प्रत्येक मुलाबद्दल दोन ओळी लिहून दिल्या, तर केवढं काम होईल. येणं नव्या वहीत ओढायचं, एवढंच.

आता आपलं. शाळेला सांगणं सोपं, म्हणून शेवटी घरचं सांगते.

एक, परीक्षा झाली म्हणून मुलाला शाळेतून काढून लग्नाला, गावाला, वर्षीतपाच्या पारण्याला नेऊ नका. अक्षय्य तृतीया बहुतेक याच दिवसांत येते, पारण्याला जायचं असतं, मला कळतं. एक दिवस जा आणि परत या. पंधरा दिवसांचा मुक्काम मे महिन्यात करा.

दोन, निकाल हातात आला की आधी तिसरी ओळ वाचा. नुसती वाचू नका, बाईंना विचारा, म्हणजे नेमकं काय येत नाही? आणि घरी रोज किती वेळ, काय करू? शिक्षकाला असं विचारणारी आई आली की बरं वाटतं. बहुतेक आया "नंबर कितवा?" एवढंच विचारतात.

तीन, तिसऱ्या ओळीवरून मुलाला बोलू नका. कचनेरला दर्शनाला जाताना गाडीत आमच्या नात्यातल्या एकीनं सगळ्यांसमोर मुलीला "हिला पाढे येत नाहीत" म्हटलं. ती पोर जाऊन-येऊन गप्प होती. बोलून दुखावणं ही पण हिंसाच.

चार, वर्ष संपलं की पुस्तकं रद्दीत घालू नका. ज्या कागदावर अक्षर आहे त्याला पाय लागला तरी आपण आशातना मानतो, कुणी ज्ञानपंचमीला तर कुणी श्रुतपंचमीला शास्त्रांची पूजा करतो, आणि पोरांची पुस्तकं मात्र किलोवर देतो. पुस्तकं खालच्या वर्गातल्या मुलाला द्या. वह्यांची कोरी पानं फाडून, टाचून, जाड दोऱ्यानं शिवली की सुट्टीची वही होते. अपरिग्रह शिकवायला वेगळा तास लागत नाही.

आणि पाचवी गोष्ट आपल्या महिला मंडळासाठी. महावीर जयंतीला आपण शाळांत वह्या वाटतो. चांगलंच आहे, मी पण वाटते. वह्या देतो, फोटो काढतो, येतो. पण त्या मुलांपैकी किती जणांना ती वही वाचता-लिहिता येते, हे आपण कधी विचारलं? २०२२ पासून जिल्हा परिषदेच्या शाळांत पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी 'पहिले पाऊल' नावाचा शाळापूर्व तयारी मेळावा भरतो, एकदा एप्रिलमध्ये, एकदा जूनमध्ये. सात टेबलं मांडतात. नावनोंदणी, शारीरिक, बौद्धिक, सामाजिक-भावनिक, भाषा, गणनपूर्व तयारी, आणि शेवटचं मातांना मार्गदर्शन. पुढं त्या मातांचे गट करतात. ज्या आईला वाचता येत नाही तिच्या शेजारी बसायला एक वाचणारी बाई हवी असते. आपल्याकडे शिकलेल्या, मुलं मोठी झालेल्या, दुपारी मोकळ्या असलेल्या बाया कमी आहेत का? वह्यांइतकीच तासाभराची वेळही दान देता येते.

ताईंच्या मुलीचं सांगायचं राहिलं. २ मे पासून ती रोज संध्याकाळी पाच वाजता ओट्यावर येते. नातू आणि ती. तो वजाबाकी करतो, ती वाचते. पुस्तक नाही धरलं. किराण्याची यादी, बिस्किटाचा पुडा, लग्नपत्रिका, स्थानकाबाहेरचा फलक, जे दिसेल ते. जोडाक्षर मोडून दाखवायचं, मग जोडायचं. चमत्कार काही झाला नाही. अजून ती हळू वाचते, 'ष्ट' आणि 'ष्ठ' ला थांबते. पण गेल्या आठवड्यात तिनं आईला मोबाईलवर आलेला निरोप वाचून दाखवला. ताईंनी तो तिच्याकडून दोनदा वाचून घेतला.

१९८१ च्या १ मे ला आपला जालना जिल्हा झाला तेव्हा मी कॉलेजात होते. 'जालना सोने का पालना' असं वडीलधारे अभिमानानं म्हणायचे. पाळण्यात जे मूल आहे त्याला वाचता आलं पाहिजे, एवढंच मला आता वाटतं. जूनमध्ये शाळा पुन्हा उघडतात.  कपाटातून निकालपत्र काढा आणि तिसरी ओळ वाचा. आणि घरात काम करणाऱ्या ताईंना विचारा, "तुमच्या लेकीचं पत्रक आणा बरं उद्या."

कुणाचं मन दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्.